पहिल्या वेचणीचा कापूस

माझ्या नवऱ्याला माझं सगळं माहीत आहे. कुठला गुडघा कधी दुखतो, कुणाच्या लग्नाला मी मुद्दाम उशिरा गेले, कुठल्या नणंदेचा फोन वाजत असताना मी तो पालथा घालून ठेवते, सगळं. हे एक माहीत नाही. माझ्या मुलीला नाही, धुळ्याच्या बहिणीलाही नाही. देवापुढे हात जोडून मनातल्या मनात बोलायची वेळ आली, तरी मी एवढा भाग गाळून पुढे जाते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही उद्या माझ्या घरी जेवायला येणार नाही.

आणि गोष्ट सशांची आहे. हसा खुशाल. सशांच्या गादीवरून, ब्रशावरून, खेळण्यावरून कुणी इतकं वाईट वागू शकतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते. पण वागले — आणि शांत डोक्यानं वागले, हे आधीच सांगते. रागाच्या भरात तोंडातून काही निघून गेलं, असली ही गोष्ट नाही.

आम्ही जळगावला राहतो. शेती फैजपूरला, ती धाकटे दीर बघतात. केळी, आणि थोडा कापूस. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणते. तेव्हा त्यांचं वय पंचाहत्तरीच्या पुढे होतं, पण चालणं ताठ आणि डोकं त्याहून ताठ. कुणाच्या लग्नात कुणी कोणतं भांडं दिलं, कुणाचं बाळ कोणत्या तिथीला झालं, कुठल्या साली वादळात बागेच्या किती ओळी झोपल्या — सगळं तोंडपाठ. डायरी बघणाऱ्या माणसाला त्या हसत. माह्या डोक्यात बठ्ठं लिहेल हाये, म्हणत. ‘बठ्ठं’, म्हणजे सगळं, हा माझ्या माहेरचा शब्द, तो त्या माझी नक्कल करायला वापरायच्या. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या तोंडात ‘आहे’ऐवजी धुळ्याचं ‘शे’ बसलेलं होतं. ते जायला चार वर्षं लागली, आणि त्या चार वर्षांत अक्कांनी आल्यागेल्यापुढे माझ्याकडून ते म्हणवून घेतलं.

मला एका गोष्टीचा गर्व आहे. होता म्हणू का? नाही, आहे. मला वस्तू निवडता येते. माहेरी साडी घ्यायची असो की पडदे, दुकानात मला पुढे करत. लग्नात मी स्वतः निवडून सहा चादरी आणल्या होत्या. फिकट निळ्या, कडेला बारीक पांढरी वेल. अक्कांनी त्या उलगडल्या, बोटांत चोळून पाहिल्या आणि म्हणाल्या, “या गाडीले कामी येतीन.” मला वाटलं, गंमत आहे. आठवड्याभरानं केळीची गाडी भरली, तेव्हा घडांना मार लागू नये म्हणून खाली माझ्या चादरी अंथरलेल्या होत्या. केळीचा चीक लागला की कापड कामातून जातं, तो डाग कशानं निघत नाही. मी ओट्यावर उभी राहून पाहत होते.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या चांगल्या होत्या की वाईट, हा प्रश्नच नाही. मी तुम्हाला फक्त दाखवते आहे की माझ्या मनात काय काय साठून होतं आणि मी ते किती नीट घडी घालून ठेवलं होतं.

ससे सानिकानं आणले. सानिका आमची मुलगी. बारावीच्या सुट्टीत हट्ट धरून एक जोडी आणली, एक तपकिरी, एक पांढरी. नावंही काहीतरी इंग्रजी ठेवली, जी महिनाभरात मागे पडली, कारण अक्कांनी त्यांना भुऱ्या आणि ढवळी म्हणायला सुरुवात केली आणि ससे त्यालाच कान टवकारायला लागले. मग सानिका शिकायला पुण्याला गेली. ससे राहिले, अक्का राहिल्या, आणि मी.

काळजी माझ्याकडे आली. घाण काढायची तर सूनच लागते. पण खरं सांगू? मला ते आवडायला लागलं. निवडायचं होतं ना! मी मोबाइलवर तासन् तास व्हिडिओ बघितले. सशाच्या ट्रेमध्ये काय घालायचं, यावरच केवढा खल. आधी वर्तमानपत्राचे तुकडे घातले, ते ओले होऊन वास यायचा. मग वखारीतून लाकडाचा भुसा आणला. त्याच्या बारीक धुळीनं भुऱ्या शिंकायला लागला. मग कुणीतरी मांजराची माती सांगितली. वाचलं तर कळलं, ती सशाच्या पोटात गेली तर आत दगड होतो. शेवटी कागदाच्या लगद्याच्या गोळ्या मिळाल्या. ओल शोषतात, धूळ नाही, चावल्या तरी अपाय नाही. मग वाळलेल्या गवताची चटई. दात घासायला लाकडी ठोकळे, वेताचा चेंडू, छोटी घंटा लावलेला बोगदा. केस विंचरायला मऊ ब्रश, गळतीच्या दिवसांसाठी रबरी दातांचा दुसरा, नखं कापायची छोटी कात्री. पार्सल आलं की मी एकेक वस्तू टेबलावर मांडून बघत बसायचे. इतक्या मनापासून मी स्वतःसाठी साडी घेतली नव्हती.

आणि ससे काय करत? माझ्या वेताच्या चेंडूकडे ढुंकूनही बघत नसत. अक्कांनी फैजपूरहून केळीची वाळलेली सोपटं मागवली, खोडाच्या वरची कागदासारखी सालं, आणि ती वळून वळून एक ओबडधोबड चेंडू केला. तो दोघं दिवसभर घरभर ढकलत न्यायचे. माझा ब्रश दिसला की पलंगाखाली, आणि अक्कांनी त्यांची जुनी लाकडी फणी काढली की दोघं मांडीवर. अक्का फणीनं त्यांचे केस विंचरत आणि माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या त्या आवाजात त्यांच्याशी बोलत. एकदा मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. त्या भुऱ्याला विचारत होत्या, जेवला का रे बाप्पा. पंचवीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला एकदाही विचारला नव्हता. सशाचा हेवा वाटावा, ही किती लाजिरवाणी गोष्ट. वाटला पण.

मग गादी आली.

माझ्या सासरी एक रीत आहे. पहिल्या वेचणीचा कापूस विकायचा नाही. तो घरात ठेवायचा — देवाच्या वातींना आणि घरात जे बाळ येईल त्याच्या उशीला. दिवाळीच्या सुमारास दिरांकडून पिशवी भरून कपाशी यायची आणि अक्का दुपारभर बसून बोटांनी सरकी काढायच्या, कापूस पिंजायच्या. सानिकाच्या पाळण्यातली उशी त्याच कापसाची. त्यांच्या लेखी त्याहून स्वच्छ, त्याहून मऊ, जिवाला त्याहून चांगलं असं काही जगात नव्हतं. त्या वर्षी घरात बाळ नव्हतं. तेव्हा त्यांनी त्या कापसाची हातभर लांबीची गादी शिवली, जुन्या धोतराच्या मऊ कापडात, आणि सशांच्या पिंजऱ्यात घातली. माझी गवताची चटई काढून अंगणात ठेवली. कुंडीखाली.

त्याच सुमारास मी भुऱ्याला नखांसाठी जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. मुलगीच होती, सानिकाहून थोडी मोठी. नखं कापता कापता तिनं विचारलं, खाली काय अंथरता. मी म्हटलं, कापसाची गादी आहे. तिचा हात थांबला. ती म्हणाली की कापूस अजिबात नको. गादी, गोधडी, लोकर, काही नको. ससा कुरतडतो, गिळतो, पोटात त्याचा गोळा होतो, आणि सशाला ओकता येत नाही. आज घरी गेल्या गेल्या काढा, आणि घरात सगळ्यांना सांगा, असंही म्हणाली. मी हो म्हटलं. मनात तेव्हा काही वाईट नव्हतं, हे मला नक्की आठवतं. उलट घाई होती. रिक्षात मी भुऱ्याच्या टोपलीवर हात ठेवून बसले होते.

त्या दिवशी घरी भरीत होतं. थंडीत आमच्याकडे भरिताच्या जेवणाला माणसं बोलवायची पद्धत आहे. फैजपूरहून दीर-जाऊ आले होते, अक्कांची भाची आली होती, शेजारचे दोघं-तिघं. अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, धूर सगळा माझ्या पातळात. मी टोपली घेऊन आत आले, भुऱ्याला खाली सोडलं. डॉक्टरकडून येताना मी नवा ठोकळा आणला होता, सफरचंदाच्या लाकडाचा. तो मी त्याच्यापुढे धरला. त्यानं तोंड फिरवलं, टुणकन उडी मारली आणि थेट गादीवर जाऊन पसरला.

अक्का कट्ट्यावर बसून हे बघत होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “हिनं आणेल ते सशे बी हुंगत नाहीत, पाहा.”

हसले सगळे. वाईट हेतूनं नाही, भरिताच्या दिवशी लोक हसतातच. माझा नवराही हसला. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो मिरची तोंडात धरून हसत होता.

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. अक्का, कापूस काढायचा आहे, डॉक्टरनं सांगितलंय. एवढंच. बोलायला किती वेळ लागतो? मी तोंड उघडलंही होतं. मग बंद केलं आणि पुऱ्या लाटायला आत गेले.

इथवर तुम्ही मला माफ कराल. अपमान झाला, राग आला, राहून गेलं. पण राहून गेलं नाही. रात्री पाहुणे गेले, सकाळ झाली, अक्का समोरच वाती वळत बसल्या होत्या, आणि मला ते वाक्य स्वच्छ आठवत होतं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. मी रोज ठरवून ते बोलले नाही. असू दे, म्हटलं. तुमचा कापूस, तुमचा हात, तुमची निवड. बघू.

बघू — हा शब्द मी खरंच मनात म्हटला.

आणि मी बघत होते. पिंजरा मीच साफ करायचे ना. गादीचा एक कोपरा उसवला. मग कापड फाटलं. मग रोज सकाळी कोपरा थोडा आत सरकलेला असायचा. ट्रेमधल्या सशांच्या लेंड्या वाटाण्याएवढ्या, गोल, सुट्ट्या असतात. आठवड्याभरानं भुऱ्याच्या लेंड्या बारीक व्हायला लागल्या. मग एके सकाळी त्या सुट्ट्या नव्हत्या. पांढऱ्या तंतूत एकामागे एक ओवलेल्या होत्या, माळेसारख्या. मी ती माळ चिमट्यानं उचलली आणि उजेडात धरून पाहिली. मी त्याचेही व्हिडिओ बघितले होते. त्याचा अर्थ काय होतो, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

मी काय केलं असेल? वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकलं. स्वतः फाटकापर्यंत जाऊन. एरवी मी घरातल्या डब्यात टाकायचे. पण अक्कांची नजर घारीची, त्यांना ते दिसलं असतं तर त्यांनी विचारलं असतं. त्यानंतर सहा दिवस मी हे केलं. मग ट्रेमध्ये काही येईनासंच झालं.

ढवळीनं गादीला तोंड लावलं नाही. का, मला माहीत नाही. ती माझ्या गोळ्यांवरच बसायची.

भुऱ्या कोपऱ्यात पाठ फुगवून बसायला लागला. दात खायचा, करकर आवाज यायचा. अक्का मेथीची जुडी घेऊन त्याच्यापुढे बसून राहायच्या, एकेक पान धरायच्या, पोटावरून हात फिरवायच्या. मला म्हणाल्या, वंदना, याले ने ना वं डाक्तरकडे. त्यांनी मला काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही. मी म्हटलं, उद्या नेते. दुसऱ्या दिवशीही मी दुपारीच नेलं.

टेबलावरच गेला तो. डॉक्टरनं पोटाला बोटं लावताच तिला कळलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, मी सांगितलं होतं ना? आणि मी — अगदी सहज, पर्सची चेन लावता लावता — म्हणाले की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कोण समजावणार. तिनं मान हलवली. तिला माझी कीव आली, हे मला दिसलं. ते मला आवडलं.

घरी आले. नवरा आलेला होता. अक्का दारातच होत्या, टोपलीकडे बघत. त्यांनी विचारलं, “काय म्हने डाक्तर?”

आता बघा, इथे किती वाटा होत्या. रोग होता म्हणता आलं असतं. वय झालं होतं म्हणता आलं असतं. त्या माऊलीनं मानलं असतं. निदान नुसतं खरं सांगून गप्प बसता आलं असतं — कापूस पोटात गेला, आपल्याला कळलं नाही. मी म्हणाले, “कापूस खाऊन गेला. तुमच्या गादीतला.”

त्या खाली बसल्या. दाराच्या उंबऱ्यावरच. हात तोंडावर नेला, मग तो हात पुढे धरून त्याच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “मले कोनी सांगतलं नाही वं.”

“मी सांगितलं होतं, अक्का,” मी म्हणाले. “दोनदा.”

आणि थांबले नाही. खोटंही मी निवडून घेतलं, कुठलं बसेल, कुठलं टिकेल ते बघून. म्हटलं, एकदा भरिताच्या दिवशी, पाहुणे होते तेव्हा. आणि एकदा तुम्ही वाती वळत होतात, तेव्हा तर मान डोलावलीत. पाहुण्यांच्या गोंगाटात कोण काय बोललं, हे कुणाला आठवणार? आणि वाती वळताना त्यांची मान हलायचीच.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे आधी कधी बघितलं नव्हतं. ती भीती होती. मला वाटलं होतं, त्या भांडतील. खोटं बोलू राह्यली म्हणतील. त्यांनी म्हटलं असतं तर कदाचित मी मोडले असते, कोण जाणे. पण त्या मुलाकडे वळल्या. तो बिचारा दमून आलेला, तो म्हणाला, ती म्हणते तर सांगितलं असेल आई, तुझ्या लक्षात राहिलं नसेल आता.

“मंग मले याद कसं नाही राह्यलं?” त्या म्हणाल्या. आम्हाला नाही, स्वतःला.

मी आत गेले आणि हात धुतले. मला बरं वाटत होतं. तुम्हाला वाटेल, मी रडले असेन. नाही. निळ्या चादरींपासूनचं काहीतरी फिटलं, असं वाटत होतं, आणि मी त्या संध्याकाळी चवीनं जेवले.

ढवळीला अक्कांनी घरात ठेवू दिलं नाही. त्यांचा धीरच सुटला. तिला माझ्यापासून लांब नेऊन टाका, म्हणाल्या, मी हिलेबी मारीन. त्या स्वतःच्या तोंडानं हे म्हणाल्या आणि मी ऐकलं. नशिराबादला नवऱ्याच्या ओळखीच्या एक शिक्षिका होत्या, त्यांनी ढवळीला घेतलं. जाण्याच्या दिवशी अक्कांनी मला सांगितलं की सगळं कागदावर लिहून दे. म्हणजे त्यायच्याकून चूक नको व्हायला. मी टेबलाशी बसून चांगल्या अक्षरात यादी लिहिली. ट्रेमध्ये कागदाच्या गोळ्या, भुसा नको. खाली गवताची चटई. ब्रश मऊ, आठवड्यातून दोनदा, केस गळतात तेव्हा रोज. नखं महिन्याला. खेळायला केळीच्या सोपटाचा चेंडू, दुसरं तिला आवडत नाही. आणि सगळ्यात वर, खाली दोन रेघा ओढून — कापूस, गादी, गोधडी काहीही देऊ नका, जीव जातो. परक्या बाईसाठी मी ते एका दमात लिहिलं. अक्का शेजारी उभ्या होत्या. वाचून दाखव म्हणाल्या. मी वाचून दाखवलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

मग त्यांनी डोक्यावर भरवसा ठेवणं सोडलं. एका दिवसात नाही, हळूहळू. गॅस बंद केला का, म्हणून स्वयंपाकघरात तीन-तीनदा यायच्या. आमटीत मीठ टाकलं की मला हाक मारायच्या, चाखून बघ म्हणायच्या. पदराला गाठी मारायला लागल्या, आणि गाठ कशाची ते मला विचारायच्या. तिथी विचारली तर उत्तर ओठांवर असायचं, पण त्या बोलायच्या नाहीत, म्हणायच्या, कॅलेंडरात पाहा, माह्यावर नका जाऊ. कपाटाची किल्ली, जी पंचवीस वर्षं त्यांच्या कमरेला होती आणि जिच्यावर पंचवीस वर्षं माझा डोळा होता, ती त्यांनी एक दिवस माझ्या हातात ठेवली. तू सांभाळ म्हणाल्या, तू ध्यानात ठेवतेस. मी घेतली. अजून माझ्याकडेच आहे.

पुढच्या हंगामात दिरांचा फोन आला, कपाशी पाठवू का. अक्का म्हणाल्या, बठ्ठी विकून टाक. या वेळी त्या माझी नक्कल करत नव्हत्या. वाती आता आम्ही बाजारातून आणतो. दिरांच्या सुनेला बाळ झालं, तिनं हौसेनं उशी मागितली. अक्कांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. माह्या हातचं नको, म्हणाल्या. बाळ मांडीवर द्यायला गेले तर तेही घेतलं नाही, लांबून बघितलं. सगळ्यांना वाटलं, वय झालं. मला काय वाटलं ते तुम्हाला माहीत आहे.

दोन वर्षांनी खरोखरचं विसरणं सुरू झालं. डॉक्टरांनी त्याला मोठं नाव दिलं, म्हणाले या वयात होतं. होतच असेल. पण ते आलं, तेव्हा त्या त्याच्याशी भांडल्याच नाहीत. आधीच दार उघडून बसल्या होत्या. ते दार कुणी उघडलं? डॉक्टरांना हा प्रश्न मी विचारलेला नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं, तर मला हलकं वाटलं असतं, आणि तेवढं हलकं व्हायचा मला हक्क नाही. खरं सांगायला माझ्याकडे दोन वर्षं होती, त्या शुद्धीवर असताना. सातशे दिवस, रोज सकाळचा चहा मीच त्यांच्या हातात देत होते.

आता त्या मुलाला आपल्या भावाच्या नावानं हाक मारतात. सानिका आली की विचारतात, कोणाची वं तू. जेवण झालेलं आठवत नाही. फैजपूरच्या घराची वाट आठवत नाही. सासऱ्यांचा फोटो दाखवला तर नमस्कार करतात, देवाला करतात तसा. एवढ्या मोठ्या डोक्यातलं लिहिलेलं सगळं पुसलं गेलं, एक ओळ राहिली.

परवा त्यांची भाची आली होती, तीच, भरिताच्या दिवशीची. तिला अक्कांनी ओळखलं नाही. मी चहा ठेवून शेजारी बसले, तर अक्कांनी माझा हात धरला, तो तिला दाखवत म्हणाल्या, “ही गुणाची हाये. हिनं मले दोनदा सांगतलं व्हतं. म्याच नाही आयकलं.” मग माझ्याकडे वळून विचारलं, “हो ना वं?”

त्यांचा हात कापसासारखा हलका झाला आहे. मी तो सोडवून घेतला नाही.

“हो अक्का,” मी म्हणाले. “दोनदा.”